आशुतोषला का मारलं? (मनातून उतरलेल्या मालिका आणि चित्रपट)

कर्दळ

आमच्या घरी संध्याकाळी साडेसातची वेळ आईची. भाजी निवडायची ती टीव्हीसमोर, पुढ्यात पेपर पसरून. डिसेंबर २०१९मध्ये 'आई कुठे काय करते' सुरू झाली, तेव्हापासून त्या अर्ध्या तासात मावशीचा फोन आला तरी "आठनंतर कर गं" म्हणून ठेवायची.

मी मालिका बघणाऱ्यातली नाही, पण ही सुरुवातीला मीही बसून पाहिली. कारण शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी स्वतःच्या हाताने 'काही नाही' लिहिलेलं आहे. मालिकेतल्या आईला, अरुंधतीला, तिची मुलं बोलायची तेव्हा मला तो फॉर्म दिसायचा. मूळ गोष्ट बंगालीतल्या 'श्रीमयी'ची, त्याच गोष्टीवर हिंदीत 'अनुपमा'ही आली. पण मधुराणी प्रभुलकरने अरुंधती आमच्या गल्लीतली करून टाकली होती. नवरा अनिरुद्धचं आणि संजनाचं प्रकरण कळल्यावर ती आदळआपट न करता हळूहळू उभी राहत गेली. घटस्फोटाच्या भागात आईच्या हातातली गवार तशीच राहिली होती. शिरा काढायच्या थांबल्या, मालिका संपली, तरी ती टीव्हीकडेच बघत होती. "सही करताना हात थरथरला नाही बघ तिचा," एवढंच म्हणाली.

मग आशुतोष आला, दुसरं लग्न झालं. आई इतकी खूश होती की तिने शेजारच्या काकूंना बोलावून तो भाग दाखवला. आणि नंतर त्यांनी आशुतोषला मारून टाकलं. त्या दिवशी आईने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "दुसऱ्यांदा सुख दाखवायचं आणि काढून घ्यायचं, हे बघायला मी नाही बसणार." पुढे मालिका दुपारी अडीचला गेली, नोव्हेंबर २०२४मध्ये संपली. आईने शेवटचा भागसुद्धा पाहिला नाही.

ती अजून मला विचारते, "का गं मारलं त्याला?" मला उत्तर देता येत नाही. म्हणून इथे विचारते. मुळात वाईट असलेल्या गोष्टीचं मला काही वाटत नाही. जी आपली वाटली आणि मग मनातून उतरली, अशी तुमची मालिका किंवा चित्रपट कोणता? आणि तो नेमका कुठे बिघडला?

रिमझिम

अगदी माझ्या मनातलं लिहिलंस. आमच्याकडे सासूबाईंनी आशुतोष गेल्यावर दोन दिवस तो विषय काढू दिला नव्हता. माझं उत्तर 'होणार सून मी ह्या घरची'. २०१३मध्ये सुरू झाली तेव्हा काय गोड होती! श्री श्रीमंत घरातला, जान्हवी बँकेतली साधी मुलगी, सहा सासवा आणि सगळ्या प्रेमळ. सासू म्हणजे कारस्थान हे समीकरण पहिल्यांदा मोडलं होतं. मग तिची स्मृती गेली, मग घटस्फोट, मग ते बाळंतपण.

सातमजली

ते बाळंतपण! आमच्या ऑफिसात एकीने मालिकेत गोड बातमी आल्यानंतर रजा घेतली, बाळंत होऊन, रजा संपवून कामावर रुजूसुद्धा झाली, तरी जान्हवीचे दिवस भरले नव्हते. काहीही हं श्री!

टपालपेटी

वाचतोय. सवडीने लिहितो.

अबोली_वेंगुर्ला

माझं उत्तर 'रात्रीस खेळ चाले', पहिलं पर्व, २०१६चं. मी मूळची वेंगुर्ल्याची. आकेरीत त्यांनी जो वाडा घेतला होता तो आमच्या सावंतवाडीच्या रस्त्यावरचा, लहानपणापासून बघितलेला. तेव्हा आमच्याकडे बरेच लोक चिडले होते, कोकण म्हणजे भुतंखेतं आणि देवस्की एवढंच दाखवतात म्हणून. मी चिडले नव्हते. मला त्यात आमची माणसं दिसत होती. अण्णांच्या मरणानंतर जमलेले भाऊ, वाटणीचा विषय ओठावर आहे पण पहिल्यांदा कुणी काढायचा म्हणून सगळे गप्प, माई चुलीपाशी. हे आमच्या आजोबांच्या बाराव्याला मी डोळ्यांनी पाहिलंय. कोण कुठल्या खोलीत झोपतो यावरून कुणाला काय हवंय ते कळतं.

आठ महिने धरून ठेवलं. विहीर, परसातले आवाज, मध्यरात्री दिसणारी माणसं. आणि शेवटी जे उलगडून दाखवलं त्यात निम्म्या धाग्यांचा हिशेबच लागला नाही. हे कुणी केलं, ते का दिसलं, काही विचारू नका. रहस्यकथा सांगणाऱ्याने पहिल्या दिवशी शेवट मनात ठेवून बसायला हवं. इथे तो वाटेत शोधला, असं माझं ठाम मत आहे.

२०१९चं दुसरं पर्व मात्र मला आवडलं, कारण ते मागे गेलं, अण्णा आणि शेवंता कसे होते ते सांगितलं. शेवट ठाऊक असलेली गोष्ट होती, म्हणूनच बहुतेक नीट चालली. माधव अभ्यंकरांचा अण्णा खुर्चीत बसून नुसता खाकरला तरी घर गार पडायचं.

पेठेतला

अबोलीताई, शेवट मनात ठेवण्याबद्दल सहमत. पण मग 'तुला पाहते रे'चं काय म्हणाल? तिथे शेवट सुरुवातीपासून ठरलेला असावा. विक्रांत सरंजामे खलनायक निघतो आणि नायिका ईशा म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म. आधी वयातल्या अंतराच्या प्रेमाची हळवी गोष्ट म्हणून सहा महिने दाखवली, विक्रांत झालेल्या सुबोध भावेवर लोक जीव टाकत होते, आणि मग म्हणे तो खुनी. ठरलेलं होतं तरी फसलंच की.

अबोली_वेंगुर्ला

फसवणूक आणि कलाटणी यात फरक आहे ना. कलाटणीनंतर मागचं सगळं नव्याने दिसायला लागतं. इथे मागचं सगळं वाया गेलं. विक्रांतचं ते प्रेम खोटं होतं म्हटल्यावर मी ज्या प्रसंगांना रडले ते प्रसंग कुठे ठेवू?

बारामतीचा_बाळ

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मालिका बिघडवतं कोण? आपण. 'चार दिवस सासूचे' २००१ला सुरू झाली, २०१३ला संपली, तीन हजारांवर भाग झाले. कुणीतरी रोज बघत होतं म्हणूनच ना? 'दिल दोस्ती दुनियादारी' मात्र वर्षभरात नीट संपवली आणि लोक हळहळले, "अजून हवी होती". मग २०१७मध्ये तीच मंडळी घेऊन 'दिल दोस्ती दोबारा' केली, तर म्हणाले पहिल्यासारखी मजा नाही. प्रेक्षकाला थांबलेलं चालत नाही आणि लांबवलेलंही चालत नाही. आवडत नाही तर बंद करा, सोपं आहे. कर्दळच्या आईंनी तेच केलं, त्यांचं मला कौतुक वाटतं.

गोधडी

बाळ, सोपं तुझ्यासाठी. माझी आजी ८६ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे दोन वर्षं जिना उतरलेली नाही. दिवसभर घरात एकटी. तिला रोज येणारी माणसं म्हणजे पोळीवाल्या मावशी आणि ही मालिकांतली. पात्र वेड्यासारखं वागायला लागलं की ती टीव्ही बंद नाही करत, काळजी करते. मला फोन करून सांगते, "त्या मुलीला कुणीतरी समजावायला हवं." तिला बंद कर म्हणणं म्हणजे शेजाऱ्यांशी बोलू नकोस म्हणण्यासारखं आहे. इतक्या विश्वासाने बघणारं माणूस समोर आहे म्हटल्यावर लिहिणाऱ्याने जबाबदारीने लिहायला नको का?

रिमझिम

गोधडी, +१००. डोळ्यांत पाणी आलं.

बारामतीचा_बाळ

मान्य. हा विचार मी केला नव्हता.

निखारा

मालिकांवरून जरा चित्रपटांकडे येतो. माझी जखम 'धडक'. 'सैराट' मी २०१६च्या मे महिन्यात करमाळ्याच्या माझ्या मामांबरोबर पाहिला. आर्ची ट्रॅक्टर चालवत येते तेव्हा मामा उभे राहिले होते. शेवटी ते लहान पोर लाल पावलं उमटवत बाहेर येतं, आवाज पूर्ण बंद, आणि थिएटरात सातशे माणसं असून खुर्ची वाजत नव्हती. मामांनी घरी जाईपर्यंत एक शब्द उच्चारला नाही. आमच्या घरात आंतरजातीय लग्नावरून काय झालं होतं ते त्यांना आणि मला ठाऊक आहे.

दोन वर्षांनी त्याचा हिंदी रिमेक 'धडक' आला. उदयपूरचे महाल, झुळझुळीत कपडे, 'झिंगाट' हिंदीत. सगळं असू दे. पण जात? 'सैराट'मध्ये जात बोलून दाखवत नाहीत तरी ती वर्गात, विहिरीवर, वाढदिवसाच्या मांडवात, सगळीकडे आहे. वर्गात सरांच्या कानाखाली मारणारा आर्चीचा भाऊ प्रिन्स आठवा. हिंदीत ती एका वाक्यापुरती आली आणि गोष्ट श्रीमंत पोरगी, साधा पोरगा एवढी उरली. शेवटही बदलला. ज्या गोष्टीचा कणाच काढून टाकलाय ती उभी कशी राहणार? वाईट चित्रपट मी पुष्कळ पाहिलेत, विसरूनही गेलो. याचा राग अजून जात नाही, कारण देशभरातल्या लाखो लोकांनी हीच गोष्ट आमची म्हणून पाहिली.

पेठेतला

निखारा, मनापासून अनुमोदन. तुमच्याइतकं खोल नाही माझं दुःख, पण 'दुनियादारी'. सुहास शिरवळकरांची कादंबरी मी अकरावीत तीनदा वाचली. त्यातल्या एम्के श्रोत्रीचं एकटेपण, ते रात्री उशिराचं बोलणं, ते पुस्तकाचं काळीज होतं माझ्यासाठी. २०१३चा चित्रपट तुफान चालला, गाणी आजही वाजतात, कट्ट्यावरची धमाल झकास होती. पण मला हवा असलेला माणूस त्यात पाहुण्यासारखा आला आणि गेला.

सातमजली

मी पुस्तक वाचलं नव्हतं, मला 'दुनियादारी' भयंकर आवडला. कॉलेजच्या ग्रुपबरोबर चारदा पाहिला. यावर मी भांडणार आहे.

पेठेतला

भांडा. पण आधी पुस्तक वाचा, मग भांडू. पोस्टाने पाठवतो.

सातमजली

पाठवाच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय पत्ता.

टपालपेटी

सवड मिळाली. ऐतिहासिक चित्रपटांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? 'वेडात मराठे वीर दौडले सात'ची पहिली झलक २०२२च्या डिसेंबरात आली. महाराजांच्या भूमिकेत अक्षय कुमार चालत येतोय आणि डोक्यावर झुंबरात विजेचे दिवे. महाराज गेले १६८०ला. एडिसनचा दिवा १८७९चा. मी इतिहास शिकवतो. दुसऱ्या दिवशी नववीच्या पोरांनी वर्गात हेच गणित मला फळ्यावर मांडून दाखवलं. पोरांचं कौतुक वाटलं आणि वाईटही वाटलं. सेटवर चाळीस-पन्नास माणसं असतील, एकाचीही मान वर गेली नाही?

अमोल कोल्हेंची 'स्वराज्यरक्षक संभाजी' लागायची तेव्हा हीच मुलं मला सकाळी विचारायची, "सर, काल दाखवलं ते खरं का?" २०१७ ते २०२० ती मालिका चालली. त्यातही मला पटलं नाही असं पुष्कळ होतं, पण मुलं प्रश्न घेऊन यायची. मी पुस्तकं काढून द्यायचो. त्या तीन वर्षांत आमच्या शाळेच्या ग्रंथालयातली संभाजी महाराजांवरची पुस्तकं कपाटात राहत नव्हती.

रिमझिम

आणि 'बाजीराव मस्तानी'तलं 'पिंगा'? काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतायत, तेही तशा नेसण्याने!

टपालपेटी

त्यावर बोलायला लागलो तर हा धागा त्यातच संपेल. वेगळा काढू.

फ्रीमाँटकर

इकडे कॅलिफोर्नियात आम्ही ॲपवर मालिका बघतो, सकाळच्या चहाबरोबर. मुलगी सात वर्षांची आहे, तिचं मराठी टिकावं म्हणून 'तुझ्यात जीव रंगला' लावायला सुरुवात केली होती. त्यातल्या नायकाचं, राणादाचं बोलणं तिला इतकं आवडायचं की शाळेत जाताना "चालतंय की" म्हणून निघायची. कोल्हापूरजवळचं वसगडे, तालीम, म्हशी, तांबडा-पांढरा, सगळं तिला त्या मालिकेने दाखवलं. मग राणादा गेला असं दाखवलं. पोरगी हमसून हमसून रडली. थोड्या दिवसांनी तोच माणूस राजा राजगोंडा म्हणून आला. ती मला म्हणाली, "बाबा, हे खोटं सांगतायत ना?" सात वर्षांच्या मुलीला कळलं. तेव्हापासून तिने मालिका बघितली नाही आणि माझ्याकडे तिला मराठी ऐकवायचं दुसरं साधनही फारसं उरलं नाही. या प्रकरणात मला खरं नुकसान हे वाटतं.

लेखणी_चालू

कालपासून वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी सात वर्षं दैनिक मालिकांचे संवाद लिहिलेत. वाहिनीचं, मालिकेचं नाव सांगणार नाही. पण कर्दळताईंच्या आईंच्या प्रश्नाला थोडं उत्तर माझ्याकडे आहे. 'आई कुठे'च्या लोकांनी काय विचार केला ते मला ठाऊक नाही. सर्वसाधारण कसं चालतं ते सांगतो.

कथा लिहिणारा एक, पटकथाकार दुसरा, संवादलेखक तिसरा. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी बाविसेक मिनिटं. एखादा मोठा चित्रपट लिहावा इतकं दर आठवड्याला. गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती मालिका किती बघितली जाते ते मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात. आकडा चढला तर जो ट्रॅक चालू आहे तो ताणा. पडला तर काहीतरी घडवा. काहीतरी म्हणजे अपघात, आजार, विष, जुनं प्रेम, हमशकल. आधीच चित्रित झालेल्या भागांची बँक हाताशी असेल तर दोन दिवस विचार करता येतो. नसेल तर कलाकार मेकअपला बसलेत आणि मी फोनवर पानं पाठवतोय. कधी कलाकाराला दुसरं काम मिळतं, तारखा जुळत नाहीत, मग पात्र परदेशी तरी जातं नाहीतर वरती तरी. २०२१च्या एप्रिलमध्ये राज्यात शूटिंग बंद झालं तेव्हा कितीतरी युनिट गोव्याला आणि सिल्वासाला गेली. मग घरातली सगळी माणसं अचानक रिसॉर्टवर का, याचं कारण रातोरात शोधावं लागलं. तुमच्यातल्या कुणाला आठवत असेल.

एक प्रसंग सांगतो. माझ्या मालिकेत एक विधवा आत्या होती. मी तिच्यावर जीव लावला होता, कारण ती माझ्या सख्ख्या आत्यावरून आली होती. तिची खानावळ सुरू होते असा तीन आठवड्यांचा ट्रॅक ठरला होता. पहिला डबा ती भरते त्या दृश्यात पोळी दुमडून डब्यात ठेवताना वरून परत एकदा तुपाचं बोट फिरवते, हे माझ्या आत्याचं. दुसऱ्या आठवड्यात आकडा घसरला. शुक्रवारी ठरलं, सोमवारच्या भागात आत्या सुनेच्या खिरीत विष घालणार. मी म्हणालो, ही बाई असं करणार नाही. उत्तर आलं, मग तिला करायला लावा, तेच तुमचं काम.

मी लिहिलं. सेटवर त्या ज्येष्ठ अभिनेत्रीने पानं वाचली आणि मला बाजूला बोलावलं. "दादा, काल मी डब्यावर तूप लावत होते. आज विष. मधल्या रात्री हिला काय झालं ते मला सांगा, मी करते." मला काही सांगता आलं नाही. त्यांनी दृश्य केलं, उत्तम केलं. त्यानंतर माझ्याशी त्या पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत.

तर मालिका कुठे बिघडते? ती मधली रात्र लिहिलेली नसते, तिथे. माणूस बदलू शकतं, पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ आम्हाला कुणी देत नाही. अबोलीताई म्हणाल्या तसा शेवट माहीत असला तरी उपयोग नाही, दर गुरुवारी शेवट पुढे सरकतो.

गोधडी

लेखणीदादा, आत्याचं नाव काय होतं हो तुमच्या? म्हणजे सांगायचं नसेल तर राहू दे.

लेखणी_चालू

मालिकेतलं नाव सांगितलं तर मालिका ओळखाल. सख्खी आत्या अजून आहे, डोळ्यांना कमी दिसतं. तो भाग तिने पाहिला होता. "माझ्यासारखी बाई घेतलीस आणि असं केलंस?" म्हणाली. मी मालिका सोडायचं खरं कारण ते.

बारामतीचा_बाळ

लेखणीदादा, वर मी प्रेक्षकांना दोष दिला होता. तुमचं वाचून वाटतं, तो गुरुवारचा आकडा म्हणजे तरी आम्ही सगळे कुठे असतो? मोजणारा मीटर मोजक्याच घरांत. आमच्या अख्ख्या गावात मी एकाच्याही घरी तो बघितलेला नाही. गोधडीची आजी कुणी मोजली असेल का?

निखारा

खरंय. पण दादा, सगळं यंत्रणेवर ढकलूनही चालणार नाही. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' दैनिकच होती. २०१२मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपली. घना आणि राधा सोयीसाठी लग्न करतात, प्रेमात पडतात, झालं. दिग्दर्शक सतीश राजवाडेंनी ती वेळेत थांबवली आणि आज तेरा-चौदा वर्षांनी लोक नाव काढतात. म्हणजे ठरवलं तर जमतं.

लेखणी_चालू

जमतं, निखारा. वाहिनी, निर्माता आणि दिग्दर्शक तिघांनी एकाच दिवशी ठरवलं तर जमतं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं नाही, पण झालंय हे तुम्ही दाखवून दिलंत.

अबोली_वेंगुर्ला

'अग्निहोत्र' पहिली, तीही राजवाडेंचीच. नाशिकचा वाडा, आठ गणपती, एकेक माणूस शोधत जायचं. आठ आहेत म्हटल्यावर आपल्याला माप मिळालं होतं, किती उरले ते कळत होतं. २०१९ला दुसरी आली तिच्यात मात्र माझा जीव रमला नाही.

रिमझिम

विनय आपटे आणि मोहन आगाशे समोरासमोर आले की मी स्वयंपाक सोडून यायचे.

कर्दळ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईला हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. लेखणीदादांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. तुपाच्या बोटाशी आल्यावर म्हणाली, "हे बाईमाणसाने सांगितल्याशिवाय कुणाला सुचायचं नाही." मग बराच वेळ गप्प होती. आशुतोषबद्दल म्हणाली, "म्हणजे त्याला मारायचं असं कुणा एकाच्या मनात नसेलही." पटलं असं नाही म्हणाली, पण विचारायचं थांबली आहे.

आणि लेखणीदादा, आई विचारते, आता काय लिहिता तुम्ही?

लेखणी_चालू

आईंना नमस्कार सांगा. एकांकिका लिहितोय, दोन पात्रांची. एक खानावळवाली बाई आणि डबे पोचवणारा मुलगा. त्या मधल्या रात्रीचीच आहे.

कर्दळ

प्रयोग कधी आणि कुठे ते इथेच कळवा, आम्ही दोघी येऊ. तोपर्यंत 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' पहिल्यापासून लावायचं ठरलंय. आईने तेव्हा पाहिली नव्हती, बाबांच्या आजारपणाचं वर्ष होतं ते. आजपासून साडेसातला दोन भाग. मेथी आणून ठेवली आहे.

सातमजली

पेठेतले, पुस्तक मिळालं. साठ पानं झाली. एम्के नुकताच आलाय. भांडण पुढच्या आठवड्यात.